फटींतला कापूस

कोलशेत, ११ फेब्रुवारी १९९४

कान्हादादा, नमस्कार.

बाबा अजून ठोकताहेत. मी थांबवायला गेले आणि त्यांच्या हातात कापूस देऊन परत आले. का दिला, कळत नाही.

वहिनी, मुलं बरी असतील. आईचा गुडघा तसाच. शहाडला थंडी आहे का?

उद्या आमचं प्रदर्शन उघडतं, रविवारपर्यंत आहे. गावाने जाळी, वल्ही अशा वस्तू द्यायच्या, आम्ही चित्रकारांनी त्या खाडीकाठी उघड्यावर मांडायच्या. गाव देतंय, पण हसतंयही. सखुबाई म्हणाली, "आमची जाली बघाया मुंबईची मानसं येनार? मंग धुनी पन टांगते."

मी आपली होडी मागितली. तू बाबांशी भांडून कारखान्यात लागलास तेव्हापासून ती काठावर सुकत होती. बांबूंवर, डोक्याच्या वर चढवली. तळाच्या फटींतून ऊन खाली पडायचं. त्या उन्हात माणसं उभी राहतील, एवढंच माझं काम. परवा मीच उभी राहिले. हातावर रेघा. कॉलेज सुटल्यापासून इतकं नीट मी काही केलेलं नाही.

आज दुपारी आले तर निम्म्या फटी बंद. आत ठोकलेला कापूस, वर डांबर.

"बाबा, हे काय केलंत?"

"फाटकी होडी लोकांम्होरं ठेवाची का गो?"

माझ्यासोबत काम करणारा श्रीपाद चिडला. "सांग त्यांना. फटी गेल्या तर काम गेलं." मोठ्याने बोलला. बाबांनी हात थांबवला नाही. मग मला विचारलं, "कान्हा येनार ना बघाया?"

मी खाली पडलेला कापूस उचलून त्यांच्या हातात दिला.

तुला बोलावलंय असं मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. होडी त्यांनी एका शब्दात दिली, तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी दिली.

डांबर चांगलं बसलंय. होडी पाण्यात जाईल. तू आलास तर मला फटी नकोत. हे खरं आहे का, तेही कळत नाही. तू ये असं लिहायला बसले होते. अजून लिहिलेलं नाही.

तुझीच बहीण, अजून तरी,
मालू

सकाळ झाली. बाबा पटाशीने कापूस काढताहेत. मी सांगितलं नव्हतं. आज त्यांनी तुझं विचारलं नाही.