मोकळी झालेली जागा

शनिवार, ४ नोव्हेंबर

लिही, सुहैर. लिही की आज तुझी आई इन्साफ गावाहून मन्सूरा शहरात तुझ्याकडे पोचली. दोन बोचकी, खारवलेल्या चीजची एक बरणी आणि पाय बांधलेलं एक बदक घेऊन. बदकाने बसमध्ये कुणाला झोपू दिलं नाही. ते थकलं तेव्हा मी गप्पा सुरू केल्या.

मला अक्षर येत नाही. पोरीला शाळेत घातलं ते एवढ्यासाठीच, की म्हातारपणी कुणीतरी माझी बडबड उतरवून घ्यावी. डोळ्यांत मोतिबिंदू पिकलाय. माणूस दिसतं ते पाण्याच्या तळाशी उभं असल्यासारखं. शस्त्रक्रियेचा नंबर लागेपर्यंत मी इथेच राहणार.

सुहैर तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. शाळेत भूगोल शिकवते. सगळ्या जगाचे नकाशे तोंडपाठ, आणि स्वतःच्या घरात न्हाणीघराचा रस्ता सापडत नाही. दार तिने वीतभर उघडलं आणि मला तिरकी करून आत ओढली. आत एक शेळी जाईल एवढीच वाट. दोन्ही बाजूंना छातीएवढे ढीग. मी हात लावत गेले: वर्तमानपत्रं, तुपाचे रिकामे डबे, परीक्षेचे जुने पेपर, तीन बंद पडलेले पंखे, गाठी मारलेल्या पिशव्यांत पिशव्या. आतल्या खोलीचं तर दारच उघडेना.

सुहैर तिथेच उभी राहून रडली. म्हणाली, आई, नऊ वर्षांत या दारातून कुणी आत आलेलं नाही. गॅसवाल्यालाही मी सिलिंडर जिन्यात ठेवायला सांगते. आवरायला घेतलं की कुठून हात घालावा तेच कळत नाही, छाती भरून येते, मग मी झोपून टाकते. मी म्हटलं, चाळीस वर्षं म्हशींचा गोठा साफ केलाय मी. तुझं घर त्याहून बरं, निदान लाथ तरी मारत नाही.

ठरलं ते असं. सगळ्या घराकडे बघायचंच नाही. रोज एकच कोपरा. तीन ढीग करायचे: ठेवायचं, द्यायचं, फेकायचं. हातात आलेली वस्तू त्यातल्या एकात गेलीच पाहिजे, परत जागेवर नाही. आणि दुपारच्या चहानंतर मी बोलायचं, तिने लिहायचं, म्हणजे आज काय मोकळं झालं ते तिला दिसेल.

ती पेनाचं टोपण चावते. आत्ताही चावते आहे. हे पण लिही.

सोमवार, ६ नोव्हेंबर

काल स्वयंपाकघराचा ओटा झाला, आज खिडकीखालचा कोपरा. एक डबा फेकायला सुहैरने पाव तास घेतला. म्हणे, कधी लागला तर? मी विचारलं, सत्तेचाळीस डब्यांत तू काय भरणार आहेस, नाईल नदी?

जिन्यात वरच्या मजल्यावरची उम्म शौकी भेटली. ही गावाकडची, महल्ला शहराजवळच्या आमच्याच गावची, आमच्याच गल्लीतली. लेकाकडे राहायला आली आहे. माझ्या गळ्यात पडली आणि लगेच टोमणा, की तुझी लेक दार उघडत नाही, आत खजिना लपवलाय की नवरा? मी म्हटलं, नवरा असता तर पसारा त्याचाच आहे म्हणून सांगितलं असतं. ती हसली. पण पाय आमच्या उंबऱ्याकडेच वळत होते. मी आडवी उभी राहिले. ही बाई एकदा पाहिलेली वस्तू विसरत नाही. चहाला बोलावते म्हणाले, आवरून झालं की.

घरात आले तर सुहैर दारामागे तोंडावर हात धरून उभी. तिने सगळं ऐकलं होतं. शिक्षिकेला एवढी मान खाली घालताना बघवत नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

काल दान गोळा करणारा हातगाडीवाला अकरा पोती घेऊन गेला. आज सकाळी मी चाचपडत खिडकीखालच्या कोपऱ्यात गेले आणि हाताला टॉवेल लागले. मोठे खाली, लहान वर, मनोऱ्यासारखे रचलेले, प्रत्येकाला फीत बांधलेली. नवरीचं घर लावताना आमच्याकडे असेच रचतात. मी सुहैरला म्हटलं, वा गं, झोपेतून उठून एवढं काम?

मग मोठ्या ढिगाच्या तळाशी पुठ्ठ्याची खोकी लागली. एकावर एक, दोरीने बांधलेली. मी गाठीवर बोट फिरवलं. तिहेरी गाठ. अशी गाठ मीच मारते, माझ्या आईची आहे. त्यातलं एक खोकं रिकामं होतं आणि त्याची दोरी सुटी पडली होती.

मी चहा मागितला. आज एवढंच लिही.

शनिवार, ११ नोव्हेंबर

लपवून आता काय करायचं. लिही.

सुहैरच्या आधी मला एक मुलगी होती, विदाद. ती जन्मली त्या आठवड्यात मी तिच्यासाठी पहिली चादर घेऊन ठेवली. चोवीस वर्षं पलंगाखाली, कपाटावर, कोठीत तिचा संसार साठत गेला. तिने स्वतः चादरींवर मोगऱ्याचे वेल भरले. सुई ढकलून ढकलून उजव्या तर्जनीच्या टोकाला गवताच्या बीएवढा घट्टा पडला होता. गादीसाठी पिंजारी घरी आला, गच्चीवर कापूस पिंजला, बायकांनी किलकाऱ्या घातल्या, उम्म शौकीने पोरांवर लिमलेटच्या गोळ्या उधळल्या. गादीच्या कोपऱ्यात मी निळा मणी शिवला, नजर लागू नये म्हणून.

लग्नाला पाच दिवस उरले असताना विदाद गेली. पोटात दुखत होतं.

मी गावाला सांगितलं, तिच्या सासरी पाठवलेला सगळा संसार परत आणून तिच्या नावाने अनाथ मुलींना दिला. लोकांनी माझे हात धरून दुवा दिला. आणि वर्ष व्हायच्या आत मी विदादच्याच नवऱ्यामुलाशी, रिफअतशी, सुहैरचं लग्न लावलं, त्याच खोक्यांसकट. चादरींवरचे वेल मी एकटीने बसून उसवले. मोगरा गेला, सुईची भोकं राहिली.

सुहैरला सगळं माहीत होतं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि मी तिला विचारलं नव्हतं.

रविवार, १२ नोव्हेंबर

दिवाणाची बाजू काल मोकळी केली होती. आज तिथे तबकात चहाचे बारा सोनेरी काठाचे पेले मांडलेले. खिडकीला पडदे. दुसरं खोकं रिकामं.

मी सुहैरवर ओरडले, की म्हातारीची थट्टा करतेस काय. ती म्हणाली, आई, मला वाटलं तूच करतेस.

मग बसली आणि सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी असंच व्हायचं. जिथे जागा असेल तिथे सकाळी काहीतरी मांडलेलं असायचं, आणि ते तिच्यासाठी मांडलेलं नसायचं. एकदा तिने वैतागून तिथे जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा टाकला. दुसऱ्या दिवशी काही नाही. मग तिने आणखी टाकलं. रिफअत कंटाळून नऊ वर्षांपूर्वी निघून गेला, तरी ती टाकतच राहिली.

मी तिला आळशी समजत होते. माझ्या लेकीने अठ्ठावीस वर्षं कचऱ्याची भिंत बांधली होती. मी ती आठ दिवसांत हसत हसत पाडली.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

परत भरायचं ठरवलं. पण भरायला काही उरलेलंच नाही. हातगाडीवाल्याकडे गेले, पोती परत दे म्हटलं. तो हसला, म्हणाला, आजी, तुमचे डबे कधीच वितळले असतील.

आतल्या खोलीचं दार आता उघडतं.

सुहैर आज लिहिताना एक शब्द बोलत नाही. टोपणही चावत नाही. रागावली असेल. हात लावला तर गार. म्हटलं भांडी घासून आली असेल. रागावलीच आहेस तर हेही ऐक, सुहैर, हे तुलाही कधी सांगितलेलं नाही.

विदादला दुखायला लागलं तो संसार सासरी पाठवायचा दिवस होता. गाडी दारात, गल्ली बघायला जमलेली. ती कळवळत नव्या गादीवर आडवी झाली. मी तिला म्हटलं, ऊठ, गादीला सुरकुत्या पडतील. लाजेपायी नखरे करतेस, म्हटलं, नवरीला होतंच असं. हात धरून उठवली आणि फरशीवर निजवली. गादी गाडीत चढवली. सामान लावून परत यायला संध्याकाळ झाली. ती तिथेच होती, फरशीवर. डॉक्टर म्हणाला, सकाळी आणायची होती.

ऐकलंस? काही बोल तरी.

नुसतं पेन चालतंय.

बुधवार, १५ नोव्हेंबर

आतल्या खोलीत पलंग लागलाय. चादरीवर हात फिरवला. मोगऱ्याचे वेल. भरीव. मी उसवलेले.

गादीच्या कोपऱ्यात मणी आहे.

सुहैरला विचारलं, काल लिहिताना गप्प का होतीस. ती म्हणाली, काल मी शाळेतून सहाला आले, आई, काल आपण लिहिलंच नाही.

वहीत पान आहे. ती म्हणते, अक्षर माझ्यासारखंच आहे.

तिने पान वाचलं. मग माझ्याकडे पाठ करून बसली. अजून तशीच— आज लिहिणारी तीच आहे. मी खांद्याला हात लावून बघितलं. गरम आहे. जरा जास्तच गरम.

म्हणते, पोटात दुखतंय. उजवीकडे, खाली.

गुरुवार, १६ नोव्हेंबर. सकाळ

रात्रभर कण्हली. पहाटे म्हणाली, आई, वर जा, उम्म शौकीला हाक मार, तिचा लेक गाडी काढेल.

मी उठले. दाराच्या कडीला हात घातला.

मग मनात आलं, ती आत येणार. टॉवेल बघेल, पेले बघेल. मोगरा तर लगेच ओळखेल— तिच्या समोर भरला होता. गावभर होईल, इन्साफने मेलेल्या मुलीच्या नावाने दुवा खाल्ला.

तासाभराचं काम आहे. सगळं खोक्यांत घालते, मग बोलावते. सुहैरला म्हटलं, थोडं सोस. लगेच—

दुपार

अजून आवरतेय. पेले कागदात गुंडाळते, वळून बघते तर तबकात परत बारा. पुन्हा गुंडाळते.

पण सुहैर उठून टेबलाशी बसली आहे, लिहिते आहे. म्हणजे बरं असावं तिला. पेनाचा आवाज ऐकला की माझा जीव खाली येतो. म्हणून बोलतेय. लिही, पोरी, लिहीत राहा. आईचं होतच आलंय. पडदे तेवढे—

कण्हणं ऐकू आलं.

आतून. पलंगावरून.

सुहैर आत आहे.

पेन इथे चालतंय—

हात धरला. गार. तर्जनीच्या टोकाला घट्टा. गवताच्या बीएवढा.

मी बाल्कनीत जाऊन ओरडले. अख्खी गल्ली ऐकेल असं ओरडले, की या, सगळे या, इन्साफच्या घरी या, बघायचं ते बघा, पण माझी पोरगी वाचवा. जिन्यात पावलं वाजतायत. उम्म शौकीच्या सपाता. दार ठोकतायत.

दाराला खोकी लागलीत. छतापर्यंत. दोरीने बांधलेली. तिहेरी गाठी, माझ्याच— माझीच बोटं सोडवेनात—

विदाद, तुझी बोटं बारीक आहेत. सोड ना गं. पेन ठेव आणि गाठ सोड. डॉक्टर आणतील. तुझी बहीण आहे ती. तिला विचारलं नव्हतं कुणी. गादी तुझीच आहे, सगळं तुझं आहे, मी सांगते सगळ्यांना, दारातून ओरडून सांगते—

उठली. वही-पेन घेऊनच, पेन अजून चालतंय. आत चालली आहे. पलंगाशी उभी राहिली. सुहैरचा हात धरला.

तिला सांगते आहे. माझ्याच आवाजात सांगते आहे.

ऊठ, म्हणते. गादीला सुरकुत्या