निसरड्या विहिरीचे अर्ज

आई, गेल्या रविवारी तुझ्या स्मृतिदिनाला धाकट्याने नातवंडांना सांगितले, "आजीनं आमच्यापायी शाळंची नोकरी सोडली." हे चूक आहे, आणि मी ते तिथेच उठून खोडून काढले. तू नोकरी सोडली नाहीस. वडिलांच्या मारामुळे ती गेली. धाकट्याची बायको भात वाढता वाढता म्हणाली, "जाऊ द्या की भावजी, गेलेल्या माणसांचं कशाला काढताय?" मी म्हणालो, जिवंतांनी ते झाकून ठेवले आहे म्हणून.

साताऱ्याकडच्या त्या गावात तू प्राथमिक शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर होतीस आणि थोड्याच वर्षांत कायम होणार होतीस. वडिलांचा ऊस होता, कशाची वाण नव्हती. पण पारावर कोणी "बायकूच्या पगाराचा चहा पाज की गड्या" एवढे म्हटले, की ते घरी येऊन हात उचलीत. तुझे उजवे मनगट सुजते, खडू धरवत नाही. मग सांगलीच्या कॉलेजातून आलेला मी तुझा रजेचा अर्ज लिहितो आणि तू डाव्या हाताने सही करतेस. कारण दरवेळी तेच: विहिरीवर पाय घसरला. आपल्याकडे पाणी गडी भरतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. तिसऱ्या अर्जाला मुख्याध्यापक चष्म्यावरून पाहत म्हणाले, "आवं बाई, तुमची इहीर लय निसरडी हाय. बुजवून टाका की."

"बुजवून लेकरांना काय पाजू, गुरुजी?"

शाळेतले सगळे हसले. तूही हसलीस.

आधी रजा बिनपगारी झाली, मग सेवेत खंड पडला आणि शेवटी तुला कमी केल्याचे पत्र आले. त्यानंतर तू आम्हाला घेऊन सांगलीला आलीस आणि वखारीत हळद निवडायला बसलीस. ताईचे नर्सिंग राहिले. तिचे लग्न उरकावे लागले. लोक अजून म्हणतात, बाईने संसार मोडला. मी म्हणतो, एका पुरुषाच्या हाताने एक पगार, एक निवृत्तिवेतन, एका मुलीचे शिक्षण आणि गावातल्या पोरांची एक चांगली शिक्षिका मोडली. कोणाला वाईट वाटत असेल तर खुशाल वाटो.

आता तारखा. पहिली रजा एकाहत्तरच्या दिवाळीनंतरची. धाकटा सांगतो तशी ती त्याच्या गोवरासाठी नव्हती. दुसरी त्र्याहत्तरच्या संक्रांतीची. तिसरी त्याच वर्षी जूनमध्ये, शाळा उघडताना. नोकरी गेली चौऱ्याहत्तरच्या मार्चअखेर. सांगलीला आलो मे महिन्यात, म्हणजे नंतर, आधी नव्हे. जूनच्या अर्जाच्या शेवटी "यापुढे माझ्याकडून असा निष्काळजीपणा होणार नाही" असे वाक्य आहे. ते तू सांगितले नव्हतेस. अर्ज नीटनेटका दिसावा म्हणून मी ते घातले, आणि कमी केल्याच्या पत्रात वरिष्ठांनी तेच तुझी कबुली म्हणून उतरवले. रविवारी मी सगळे सांगितले. एवढे सांगितले नाही.