आबांचा फोन आणि सभासदांची साखर

३ ऑक्टो.
पहाटेपासून आबांचा फोन टिंगटिंग. वर देवाचा फोटो दिसला की मेसेज पुढं धाडलाच. खालचं बारीक अक्षर दिसत न्हाय, पण म्हणतात, "देव मधीच आडवू नये, प्रसादावानी वाटावा." सासऱ्यांना सुनेनं काय शिकवायचं?

५ ऑक्टो.
घात झाला. डेअरीच्या ग्रुपवर आबांचा मेसेज. वर मारुती, खाली मुसलमानांच्या दुकानातून काही घेऊ नका म्हणून. राशीदभाई पंक्चरवाले त्याच ग्रुपात. दोघांची चाळीस वर्षांची बैठक. दुपारी राशीदभाई ग्रुप सोडून गेले.
आबांना वाचून दाखवलं. "मी आसं कशाला म्हनीन?" वाईट वाटलं. पण खरं लिहायचं तर महिनाभर आबा 'ती मान्सं' म्हणायला लागलेत. वर "राशीद त्यातला न्हाय" असतंच. राशीदभाईंच्या कानावर ते आधीच गेलं असणार.

६ ऑक्टो.
माझी लेक सायली बारामतीहून आली. कॉलेजचं शहाणपण. "आबा, तुम्हाला फोन एकच बाजू दाखवतो." आबा म्हणाले, "आन् तुजा?" तिचा फोन बघितला. तिथं एकच पुढारी दिवसभर, आणि बाकी सगळे चोर. त्यावरून खोलीतल्या मैत्रिणीशी अबोला धरलाय म्हणे आमच्या बाईसाहेबांनी.
मी तरी कुठं शहाणी. ब्लाउजच्या गळ्यांच्या व्हिडिओंत एक बाई गोड बोलून मतं सांगते. तिचं बोलणं मी परवा जाऊबाईंना माझं म्हणून ऐकवलं.

११ ऑक्टो.
साखर कारखान्यावर सभासदांच्या स्वस्त साखरेचं वाटप. दरसाल आबांचं न् त्यांचं, दोन्ही कार्डं राशीदभाईंच्या पिशवीत, दोघं त्यांच्या एमएटी गाडीवर. आबा आठपासून टोपी घालून ओट्यावर. बारा वाजले, गाडी आली न्हाय. जेवले न्हाईत.

१२ ऑक्टो.
सकाळी गाडीचा आवाज. राशीदभाईंनी आबांचं पोतं ओट्यावर ठेवलं, कार्ड माझ्या हातात दिलं. आबा समोरच बसलेले. चहा घ्या म्हटलं. "नको पोरी, दुकान उघडायचंय." इंजिन बंद केलंच न्हवतं.
आबा म्हणाले, "साखर आनली. बोलला न्हाय." पोतं सोडू देईनात. जरा वेळानं काठी घेऊन दुकानाकडं चालत निघाले. काय बोलणार, विचारलं. "ठावं न्हाय."
फोन इथंच राहिलाय, वाजतोय. आबांना जाऊन तास झाला. चहाचं आधण उतरवून ठेवलंय.