पडद्याची कावीळ

प्रिय टिल्लू,

तू पलीकडच्या खोलीत आणि मी इथे हॉस्पिटलच्या बाकावर बसून तुला पत्र लिहितेय, म्हणजे कमालच. पण तोंडाने सांगायला गेले तर तू चेष्टेवारी नेशील, आणि मीही खुशाल नेऊ देईन.

मुद्रितं तपासून माझे डोळे गळायला लागले, तेव्हा तूच तिकडे तुझ्या गावी बसून, इंटरनेटवरून माझ्या कॉम्प्युटरचे रंग बदलून दिलेस. झगझगीत पांढरा गेला, मऊ पिवळा आला. दोन दिवस मी कुरकुरले, मग डोळे असे निवले की ऑफिसभर सांगत सुटले, भाऊ असावा तर असा.

पुढच्याच महिन्यात एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "ताई, मी पिवळा दिसतो का गं? इथे आरशावरचा दिवाच पिवळा, काही कळत नाही." मी म्हटलं, "कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं. तुला काही झालेलं नाही, माझ्या पडद्याला झालीय!" तू खो खो हसलास. एक बटण दाबलं असतं तर मूळचे रंग परत आले असते. मी आळस केला. त्यापुढच्या रविवारी तू जास्तच पिवळा दिसलास, थकलेलाही. माझी तीनशे पानं तपासायची राहिली होती. मी विचारलंसुद्धा नाही.

इथे आल्यावर तुला खिडकीच्या उजेडात पाहिलं, तर तू खरोखरच पिवळा होतास, अगदी डोळ्यांच्या पांढऱ्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आला असता तर औषधांवर भागलं असतं. सुटलेला अनुस्वार मला हातभर लांबून दिसतो रे, आणि पाठचा भाऊ दिसला नाही.

काल माझ्या तपासण्या जुळल्या. मी यकृताचा तुकडा देणार म्हटल्यापासून तू येईल त्या नर्सला सांगतोयस, आमची ताई म्हणजे देवमाणूस. ते मला ऐकवत नाही. उद्या सकाळी संमतीच्या कागदावर तुझी सही घेतील, त्याआधी तुला हे कळायला हवं. ही भरपाई नाही. चूक झाली नसती तरी मी दिलाच असता, पण आता तू ते मानशील की नाही, मला ठाऊक नाही. हवा तेवढा राग धर. जन्मभर अबोला धर. पण त्यासाठी जन्म हवा ना, वेड्या. सही कर.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
ताई