शंभर पेशींत किती लाल

३ जून
प्रयोगशाळेच्या बाईंनी आज पुन्हा बजावलं — चरबी बघायची असेल तर रुग्णाच्या अवयवाचा तुकडा अल्कोहोलमध्ये टाकायचा नाही. अल्कोहोल चरबी धुऊन नेतं, मागे नुसती गोल भोकं उरतात. तुकडा गोठवायचा, पातळ कापायचा, मग लाल रंग द्यायचा. रंग चरबीतच मुरतो. इस्पितळाच्या या खोलीत सहा वर्षं काचपट्ट्यांवर चिठ्ठ्या लावतोय. एक वेलांटी चुकलेली नाही! तरी बाई म्हणतात, "वेलांटी काय चाटायची, तुकडा नासला तर?"

घरी मात्र दुसरंच. दादाचं यकृत संपत आलंय. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कोणीतरी आपल्या यकृताचा भाग द्यावा. वहिनींचा रक्तगट जुळत नाही. माझा जुळतो. तिघांचं घर — राहिलं कोण? वहिनी म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून बरं, भाऊजी." देशील का म्हणून कोणी विचारलंच नाही. धरूनच चालले.

४ जून
पोट फाडणार.

६ जून
डॉक्टरांनी आज नियम सांगितले. यकृतात चरबी फार असेल तर घेत नाहीत. ऐकलं आणि एकदम बरं वाटलं. हे इथे लिहिलं, बाहेर बोलणार नाही.

७ जून
लोणी. सकाळी अर्धा पुडा, नुसता, चमच्याने. वहिनी आंघोळीला गेल्या होत्या.

१९ जून
रोज खातोय. विशेष म्हणजे फ्रीजमधलं लोणी संपत नाही! वहिनी आणत असतील. त्यांना कळलं तर?

दादा हल्ली सकाळी जिन्यात बसलेला दिसतो. पाय सुजलेले, डोळे पिवळे. म्हटलं, "खाली कशाला उतरतोस?" म्हणाला, "फिरतो रे जरा. घरात बसून अंडी घालू?" हसला, पण धाप लागली होती. हात धरून दोन जिने वर आणलं. माझी शाळा अर्धवट सुटली तेव्हा यानेच बसवून रोज एक पान शुद्धलेखन घातलं होतं. तेव्हा हात याचा असायचा, माझ्या हातावर.

२६ जून
बाईंना विचारलं, चरबी म्हणजे वाईटच ना? भडकल्या! "शहाणा आहेस. पेशीची भिंत कशाची? चरबीचीच. दोन थर. चरबीच्या कणांची डोकी पाण्याकडे, शेपट्या आत, एकमेकींकडे तोंड करून. शेपट्या पाण्याला भितात म्हणून तर भिंत उभी राहते! नसांवर वेष्टण चरबीचं, उपाशी दिवसाची बेगमी चरबीची. ती नसेल तर तू म्हणजे सांडलेलं पाणी." मग हळू म्हणाल्या, "फक्त जागा चुकली की घात."

भितात म्हणून भिंत उभी राहते. दिवसभर हेच डोक्यात. मी भितो तर नुसता लोणी खातो.

११ जुलै
सुई खुपसून माझ्या यकृताचा तुकडा काढला. फार दुखलं नाही. त्याचीच लाज वाटली.

१२ जुलै
तुकडा आमच्याच खोलीत आला. बाई म्हणाल्या, "स्वतःच्या तुकड्याला हात लावायचा नाही. लांब बस." त्यांनीच गोठवला, कापला, रंगवला. शेवटी म्हणाल्या, "ये, बघ." भिंगाखाली लालच लाल! शंभर पेशी मोजल्या. बेचाळीसमध्ये थेंब. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "एवढासा तू, आणि हे कुठून रे?" मी चिठ्ठी लिहायला घेतली. 'यकृत' लिहिताना ऋकार चुकला. पुन्हा लिहिली.

१३ जुलै
नापास झालो. सुटलो!

डॉक्टर म्हणाले, खाणं सांभाळून रोज तासभर चाललं तर आठ आठवड्यांत चरबी उतरेल, तेवढं दादाला थांबता येईल. मी काही बोलायच्या आत दादाच म्हणाला, "नको. त्याला त्रास नको. दुसरं काही बघू." दुसरं काय आहे?

वहिनी रडल्या. मी जेवलो नाही. सुटल्यासारखं वाटत नाही.

१६ जुलै
आज फ्रीजमध्ये लोणी नव्हतं. वहिनींना सहज विचारलं, बंद केलंत का आणायचं? म्हणाल्या, "मी कुठं आणते, भाऊजी? हेच रोज सकाळी उतरून आणायचे. मी ओरडायचे, तर म्हणायचे, खाऊ दे गं त्याला. घाबरलाय."

पहाटे साडेपाचचा गजर लावला, चालायचे बूट दाराशी ठेवले.