ड्रमात गेलेलं नारळाचं पाणी

चाकूर, मंगळवार, संध्याकाळ

गच्ची तापते म्हणून फोम मारायचं काम आज सुरू होणार होतं. झालं नाही. ह्यांनी गच्चीवर फवारणीच्या यंत्राची पूजा केली आणि नारळ नेमका फोमच्या रसायनाच्या, आयसोसायनेटच्या ड्रमवर फोडला. नारळाचं पाणी उघड्या तोंडातून आत गेलेलं मी पाहिलं आणि हात जोडून गप्प राहिले. पूजेत कशाला बोलायचं? कारागीर मल्लाप्पाने बूच घट्ट आवळलं, तेव्हा बोलले.

"बूच सैल कर. पाण्याने आत वायू होतो, ड्रम फुटेल."

"ओंजळभर पाण्यानं काय होतंय, बाई? शुभ हाय."

"मी रसायनशास्त्र शिकलेय."

"चाळीस वर्षांनी आठवलं?" हे म्हणाले. दोघेही हसले आणि जेवायला गेले.

परत आले तर ड्रमचा माथा फुगलेला. मल्लाप्पाने मास्क चढवला, बूच हळूहळू सैल केलं. फुस्स आवाज बराच वेळ चालला.

ड्रम वाया गेला, ते खुपत नाही. जेवायला जाण्याआधी मल्लाप्पा त्याच ड्रमला टेकून तंबाखू मळत होता. आणि मी? एकदा सांगितलं, नाही ऐकलं, म्हणून ताटं वाढायला गेले.

उद्या दुसरा ड्रम येईल. नारळ खाली जिन्याशी फुटेल, आणि तो मी फोडेन.