रिलीव्हर आल्याशिवाय

३ एप्रिल, बुधवार

आज घर झालं. माझं, स्वतःचं. अकरा वर्षांत पाच बदल्या आणि पाच क्वार्टर, आणि प्रत्येक ठिकाणी भिंतीत खिळा ठोकताना धाकधूक, की सोडताना कुणीतरी साहेब विचारेल. आज बैठकीच्या खोलीत मुद्दाम तीन खिळे ठोकले. टांगायला अजून काही नाही, पण ते नंतर बघू.

भिलाईत घर घेणं काय असतं, ते गेल्या चार महिन्यांत कळलं. इथे अर्धं गाव स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये जन्म काढतं. सेक्टर दहामधला माणूस बोलताना ‘माझं घर’ म्हणतो, पण साठाव्या वर्षी किल्ली परत करावी लागते. मग तो घर शोधत निघतो, आणि त्याच महिन्यात रिटायर झालेले बाकीचेही निघतात. नेहरू नगरचे भाव उतरतील कसे? त्यात हायवेकडच्या मालकांनी कोचिंगच्या पोरांसाठी घरांच्या खोल्या-खोल्या करून टाकल्यात. पद्मनाभपूरला एक घर मनात भरलं होतं, पण बोअरचं पाणी मेपर्यंत टिकेल का, एवढं विचारल्यावर मालक छताकडे बघायला लागला.

आमचा दलाल भूपेंद्र मला शिकवायचा, की मॅडम, टाइल्स नका पाहू. डायवर्शन पाहा, म्हणजे शेताची जमीन घरासाठी बदलून घेतल्याचा कागद. मागच्या सगळ्या रजिस्ट्र्या पाहा. अन् विकणारा कावून विकून राहिला, ते सगळ्यात आधी पाहा.

हे घर मागच्या गल्लीत आहे. बैठक, दोन खोल्या, स्वयंपाकघर, दारात कडुलिंब. भाव शेजारपाजारपेक्षा बराच कमी. नऊ वर्षांत पाच वेळा विकलं गेलंय. बँकेच्या वकिलाने सगळे कागद उलटून पाहिले, एक खोट सापडली नाही. पाच वेळा कसं काय, असं विचारलं, तर भूपेंद्र म्हणाला, की हे घर चालतं, पडून नाही राहत. मला पटलं. खरं म्हणजे मला पटवूनच घ्यायचं होतं. शाळा संपली की टीना गोंदियाहून येणार आहे. माझा नवरा रूपेश गेल्यापासून लेक आजीकडेच वाढतेय, कारण तिच्या आईची नोकरी पाळीची. रोज संध्याकाळी फोनवर तिचा पहिला प्रश्न एकच असतो, की आई, तुझा रिलीव्हर आला का? माझ्या जागी ड्युटीवर दुसरा आला, की आई आपली, एवढं तिला पाळण्यापासून कळतं. नऊ वर्षांची झाली, तिला एकदाही स्वतःची खोली मिळाली नाही. पिवळा रंग हवाय तिला.

विकणाऱ्या ललिताताईंचे पाय दुखतात, म्हणून रजिस्ट्री घरीच झाली. ऑफिसचा माणूस येऊन फोटो आणि अंगठे घेऊन गेला. आज दुपारी त्यांनी किल्ली दिली. बैठकीत एक लोखंडी खुर्ची आहे, तिच्यासमोर टेबल, टेबलावर प्लांटचं जाडजूड जुनं रजिस्टर. तारीख, वेळ, चार्ज देणार, चार्ज घेणार, असे रकाने. ललिताताईंनी पेन पुढे केलं. आता मी पडले स्टेशन मास्तर. ड्युटी बदलताना डायरीत चार्ज घेतल्याची सही केल्याशिवाय अकरा वर्षांत एक दिवस गेला नाही. रकाने दिसले की माझा हात थांबत नाही. हसत हसत सगळं व्यवस्थित भरलं आणि सही ठोकली. प्लांटचा दोनचा भोंगा वाजत होता.

ललिताताईंनी सही दोनदा वाचली. मग ती पाय दुखणारी बाई पळत सुटली. फाटकातून बाहेर, गल्लीतून हायवेकडे, एप्रिलच्या उन्हात अनवाणी. चपला अजून माझ्या दारात आहेत.

रजिस्टरची सुरुवातीची काही पानं भरलेली आहेत, बाकी कोरी. कागद काय सुरेख! आजपासून रोजनिशी यातच लिहायची.

६ एप्रिल, शनिवार

पिवळी खोली झाली. पेंटर म्हणाला, बैठकीतली खुर्ची हलत नाही, कारण पाय जमिनीत बोल्टने कसलेत. राहू दे म्हटलं. बसायला बरी आहे, दुपारचा चहा तिथेच होतो.

तीन दिवसांत घराबाहेर पाय टाकला नाही. भाजी दारावर येते, दूध दारावर येतं, सामान लावून होत नाही. आईने फोनवर विचारलं, घर मानवलं का? म्हटलं, घराने मला सोडलंच नाही अजून. दोघी हसलो.

१० एप्रिल, बुधवार

रजा संपली, आज दुपारची ड्युटी होती. डबा भरला, कुलूप लावलं, फाटकाशी आले आणि वाटलं, गॅस चालू राहिला. परत आले, गॅस बंद होता. पुन्हा निघाले, वाटलं, नळ. तोही बंद. तिसऱ्या वेळी काय राहिलं तेच समजेना, पण छातीत तेच धडधडायला लागलं, जे गाडी लाईनवर असताना कुणी खुर्ची सोडून उठलं तर होईल. स्वतःवर चिडले आणि तशीच निघाले. गल्लीच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याचा ठेला आहे. तिथपर्यंत पोचल्याचं पक्कं आठवतं, गरम कपड्यांचा वास आला होता.

मग भोंगा वाजला आणि मी खुर्चीत होते. हातात पेन होतं. समोर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘२.०० वाजता. चार्ज माझ्याकडे.’

ऊन लागलं असणार. आजारी असल्याचं कळवलंय. डबा मात्र कुठे दिसत नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

डबा इस्त्रीवाल्याने आणून दिला. म्हणाला, परवा मी तो त्याच्या ठेल्याशी ठेवला आणि मागे वळून चालायला लागले. हाक मारली तर ओ दिली नाही. म्हणजे मी माझ्याच पायांनी परत आले.

आज रिक्षा दारात बोलावली. बसले. डोळे गच्च मिटून मनात टीनाचे पाढे म्हणत राहिले. सात सक बेचाळीसपर्यंत आठवतं. मग खुर्ची.

शेजारच्या बेबीताई भिंतीपलीकडून बघत होत्या. मी त्यांना आत बोलावलं, तर म्हणाल्या, त्या फाटकाच्या अलीकडे त्या पाय टाकत नाहीत. मग जे माहीत होतं ते भिंतीवरूनच सांगितलं. हे घर बांधलं बळीरामने. प्लांटचा माणूस, भंडाऱ्याकडचा. प्लांटचा रिवाज असा, की दुसरा माणूस येऊन चार्ज घेत नाही तोवर जागा सोडायची नाही. बळीरामने चौतीस वर्षं तो पाळला. ज्या दिवशी रिटायर झाला, त्याच दिवशी त्याची जागाच रद्द झाली, तिथे नवं मशीन आलं. हार घातला, पेढे वाटले, पण चार्ज कोण घेणार? कुणीच नाही. तो रजिस्टर काखेत मारून घरी आला, खुर्ची बोल्टने कसली आणि ड्युटीचे कपडे घालून बसला तो बसलाच. “माह्या रिलीव्हर आला का, येवढंच इचारे सगळ्याईले,” बेबीताई सांगत होत्या. “जेवनही खुर्चीतच. अखेरीस बायकोले पाहवेना. ठकूबाई म्हने, द्या मले, मी घेतो चार्ज, तुमी निजा आता. सही केली तिनं. थो बुढा तवाच गेला, शांत. अन् ठकूबाई चार वर्सं फाटकाच्या भायेर नाही निंगाली.”

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? त्या खाली बघून म्हणाल्या, “घरं विकून राहिले लोक, त्यात बोलाव कोनं?”

१४ एप्रिल, रविवार

रजिस्टरची जुनी पानं वाचली. बँकेच्या वकिलाने तपासली नाही ती रजिस्ट्रीची साखळी इथे आहे. पहिला बळीराम: ‘रिलीव्हर आला नाही. बसून आहे.’ पानंच्या पानं तेच. मग ठकूबाईचं कष्टाने काढलेलं अक्षर. मग एकामागून एक विकत घेणारे, प्रत्येकाची सुरुवातीची ठसठशीत सही आणि पुढे दिवसाला एक ओळ, चार्ज माझ्याकडे. शेवटी ललिता. तिची ओळ सोळा महिने चालली. माझी सही होताच ती अनवाणी का पळत सुटली, ते आज कळलं.

भूपेंद्रला फोन केला. आधीच्या रजिस्ट्र्या कुठे झाल्या? तो म्हणाला, सगळ्या घरीच झाल्या. सगळ्याच सेलरचे पाय दुखत होते. त्याला वाटलं, घराला ओल असेल.

रजिस्टर गॅसवर धरलं. जळताना पाहिलं मी, डोळ्यांनी. दोन वाजता मांडीवर होतं. कडा काळ्या झाल्यात, बाकी शाबूत.

टीना यायला सोळा दिवस. त्याआधी घर विकायचं. भूपेंद्रला सांगितलं, मिळेल त्या भावाला दे.

१९ एप्रिल, शुक्रवार

गिऱ्हाईक आलं. सुजय म्हणून मुलगा, प्लांटमध्येच नवा लागलेला, सोबत बायको, तिच्या कडेवर बाळ. भाव ऐकून त्यांचा विश्वासच बसेना. बायको कडुलिंबाखाली उभी राहून वर बघत होती, पाळणा कुठे बांधायचा ते ठरवत असावी.

सुजयला रजिस्टर दिसलं. म्हणाला, “अरे, हे तं आमच्या शॉपचं!” शॉप म्हणजे त्याचा विभाग, प्लांटचाच तो. रकाने दिसले आणि त्याचा हात पेनाकडे गेला. आपणहून. मी काहीही केलं नव्हतं.

फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंच.

बाळ माझ्याकडे बघून हसलं. मी पेन हिसकावलं आणि ओरडले, निघा इथून. वेडी आहे असं वाटलं असेल त्यांना. वाटू दे.

रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या. चांगुलपणा केला असं अजिबात वाटत नाही. नुसता राग येतो.

२३ एप्रिल, मंगळवार

आणखी दोघं येऊन गेले. दारावरूनच परत पाठवले. मला जमत नाही. ललिताला जमलं, मला नाही.

आता सहाच्या भोंग्यालाही खुर्चीत असते. दहाच्याही. मधल्या वेळात स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं.

आईला फोन करून सांगितलं, येऊ नका, पाण्याची अडचण आहे. टीनाने फोन घेतला. मी म्हटलं, पुढच्या सुट्टीत ये, राणी. ती म्हणाली, तुले मी नकोच आहो. आणि रडली.

मी पण.

२७ एप्रिल, शनिवार

आईला खरं सांगितलं. सगळं, बळीरामपासून.

चूक झाली. तिने ऐकून घेतलं, आवाज एकदम गोड करून म्हणाली, हो बेटा, तू आराम कर. एकटीने ताण घेतलास. आम्ही तिकीट काढतो, मंगळवारी दुपारपर्यंत पोचतो.

पोरगी भ्रमिष्ट झाली म्हटल्यावर कोणती आई घरी बसेल? मी त्यांना थांबवायला निघाले आणि बोलावून बसले.

बेबीताईंना हात जोडले. आईला आणि टीनाला स्टेशनवरच अडवा म्हटलं. त्या हो म्हणाल्या. आणि लगेच आपली खिडकी लावून घेतली.

२९ एप्रिल, सोमवार

फाटकाला कुलूप. किल्ली बोअरमध्ये टाकली.

पेनं सगळी मोडली. खडू, पेन्सिली, डोळ्यांचं काजळसुद्धा. पण दोन वाजले की हातात येतंच एक. कुठून — माहीत नाही. तेच, ललिताने पुढे केलेलं.

टीनाला चार्ज म्हणजे काय ते कळतं — हीच भीती. माझ्या मांडीवर बसून स्टेशनवर शिकलीय. दुसरं कुठलं पोर असतं तर रजिस्टरकडे पाहिलंही नसतं.

पिवळी खोली बंद केली. बघवत नाही.

३० एप्रिल, मंगळवार

१.४० — फाटक वाजतंय. आईचा आवाज. मी खुर्चीत. आज लवकरच —

१.४५ — ओरडले, जा, परत जा. आई रडतेय, म्हणते फाटक उघड, डॉक्टरकडे जाऊ. भिंत कमरेएवढीच आहे. हे मला सुचलंच नाही. कुलूप लावलं आणि भिंत —

१.५२ — टीना आत. केवढी उंच झाली. पाया पडते, हाताला धरून ओढते. मी उठत नाही. उठता येत नाही. पेन हातात. सांगतेय तिला, जा, आजीकडे जा, राणी —

१.५६ — उलट्या बाजूने वाचतेय. रकाने. ओठ हलवत. विचारते, आई, किती दिवस झाले, तुझा रिलीव्हर कावून नाही आला?

नको. टीना, नको.

म्हणते, रडू नको, मी आली ना आता —

माझी बोटं सैल होतायत, मी नाही, मी नाही करत हे, बोटं आपोआप — भोंगा —

तारीख: ३० एप्रिल
वेळ: २ वाजता
चार्ज देणार: माझी आई
चार्ज घेणार: टी